बतावणीपासून इम्प्रोव्हपर्यंत : न लिहिलेल्या शब्दाचा इतिहास

नाटकाच्या सरावाला मराठीत 'तालीम' म्हणतात. पहिलवानांच्या आखाड्यालाही तालीमच म्हणतात. आमच्या घरांतून हाच शब्द शिक्षणासाठी रुळलेला आहे. दीनी तालीम, दुनियावी तालीम असे आम्ही सहज बोलतो. अरबीतून आलेल्या या एका शब्दाची आठवण होण्याचे कारण असे की, पुण्यामुंबईत अलीकडे एका अशा नाट्यप्रकाराचे वर्ग चालतात, ज्यात नाटकाची तालीम नसते, पण माणसाची तालीम मात्र कसून घेतली जाते. त्याला 'इम्प्रोव्ह' म्हणतात. संहिता नाही, पाठांतर नाही, नेपथ्य म्हणजे दोन-चार खुर्च्या. खेळ सुरू होण्यापूर्वी प्रेक्षकांकडून एखादा शब्द मागायचा, कोणी 'सासू' म्हणेल, कोणी 'बसथांबा' म्हणेल, आणि तेवढ्या भांडवलावर तीन-चार नटांनी तिथल्या तिथे प्रसंग उभा करायचा. जमला तर हशा, फसला तरी बऱ्याचदा हशाच. तो प्रसंग पुन्हा कधी होत नाही.

हिंजवडीच्या संगणक कंपन्यांत आणि चाकणच्या वाहन कारखान्यांत नोकरीला लागलेली आमच्या ओळखीच्या घरांतली काही मुले-मुली सुटीच्या दिवशी अशा वर्गांना आणि खेळांना जातात. कंपन्यांच्या प्रशिक्षण विभागांनीही यातले काही खेळ उचलले आहेत. वर्गात काय करता, असे विचारले तर ही मुले सांगतात की दोघांनी समोरासमोर उभे राहून एकमेकांचा आरसा व्हायचे. गोलात बसून प्रत्येकाने एकेकच शब्द बोलत सर्वांनी मिळून गोष्ट रचायची. अर्थ नसलेल्या भाषेत भांडायचे. पहिला नियम असा की समोरच्याने जे मांडले ते नाकारायचे नाही. तो म्हणाला, 'आपण विहिरीत आहोत,' तर आपण विहिरीतच असतो. त्याला 'होय' म्हणून त्यात आपली भर घालायची. हे सगळे अमेरिकेतून आले, असे ही मुले समजतात आणि वर्गाच्या नावापुरते ते खरेही आहे. परंतु ज्या तळेगाव-चाकण रस्त्याने ती रोज कामाला जातात, त्या रस्त्यावरच्या एका गावाने न लिहिलेल्या शब्दाचा मराठीतला एक मोठा उस्ताद दिला आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी शब्दांचे बघू. 'तमाशा' हा फारसी-अरबी शब्द दख्खनमध्ये आला आणि इथलाच झाला. 'शाहीर' म्हणजे शायर. 'नक्कल', 'मस्करी', 'सवाल-जवाब', 'हजरजबाबी' हे शब्दही त्याच वाटेने आले. मात्र शब्द आले म्हणून कलाही आमची, असा दावा करण्याचा मोह आवरलेला बरा. तमाशा जगवला तो महार, मांग, कोल्हाटी समाजांच्या कलावंतांनी, उपाशीपोटी आणि अपमान सोसून. त्या श्रेयात वाटा मागणे शोभणार नाही. पण त्या फडाच्या कनातीत आमचे पूर्वज नव्हतेच, असे कोणी म्हणत असेल तर तेही खोटे आहे.

कलगी-तुऱ्याची दंतकथाच पाहा. तुकनगीर नावाचा गोसावी आणि शाहअली नावाचा फकीर यांच्यात अध्यात्मावर काव्यातून वाद रंगला. चंदेरीच्या राजाने खूश होऊन आपल्या मुकुटातला तुरा गोसाव्याला दिला आणि कलगी फकिराला दिली. तेव्हापासून तुरेवाले शिवाला थोर मानतात, कलगीवाले शक्तीला. कथा इतिहासाच्या कसोटीला उतरो वा न उतरो, शेकडो वर्षे हिंदू शाहीर तिच्यातल्या फकिराला आपला मूळपुरुष मानत आले, ही गोष्ट मात्र इतिहासच आहे. या सामन्याचे बळ कशात होते? एका पक्षाने कवनातून कूट सवाल टाकायचा आणि दुसऱ्या पक्षाने त्याच चालीत, त्याच रात्री, श्रोत्यांसमोर जवाब द्यायचा. पाठ केलेली कवने पोत्याने असली तरी अनपेक्षित सवाल आला की पाठांतर संपते आणि बुद्धी सुरू होते. उर्दू मुशायऱ्यात जागच्या जागी रचलेल्या शेराला 'फिलबदीह' म्हणतात, तोच हा गुण. कोकणात शक्ती-तुऱ्याचे सामने आजही होतात आणि नोकरीसाठी शहरांत आलेला कोकणी माणूस ते नाट्यगृहांत तिकीट काढून पाहतो.

उत्तर पेशवाईतला सगनभाऊ हा जेजुरीचा. धर्माने मुसलमान, धंद्याने शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारा. खंडोबाच्या गावचा हा मुसलमान लावण्या आणि पोवाडे रचून राम जोशी, होनाजी बाळा, प्रभाकर यांच्या रांगेत बसला. त्याच्या नावावरचे लेखन आज छापील मिळते. पण फडावर उभे राहून तो श्रोत्यांशी काय बोलत असेल, ते मिळत नाही. न लिहिलेल्या शब्दाचा इतिहास लिहिण्यात हीच अडचण आहे : जे टिकले ते त्याचे सर्वांत कमी जिवंत अंग असते.

ज्यांनी जुना तमाशा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. गण होतो, मग गौळण, तीत पेंद्या आणि मावशी. पुढे बतावणी, लावण्या, आणि शेवटी वग. वग म्हणजे तमाशातले नाट्य. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उमाजी सावळजकरांच्या 'मोहना बटाव'पासून वगाची सुरुवात मानतात. हा वग नाटकासारखा शब्दन् शब्द लिहिलेला नसे. कथेचा सांगाडा ठरलेला, पदे ठरलेली. सरदाराने पदातून कथा पुढे न्यायची आणि मधले संवाद पात्रांनी आपल्या बुद्धीने भरायचे. राजा कोण, प्रधान कोण, शेवट काय, एवढे सर्वांना ठाऊक. तिथवर कोणत्या वाटेने जायचे ते त्या रात्रीचे पब्लिक ठरवी. गावात पाणी नसेल तर वगातल्या राज्यातही दुष्काळ पडे. पाटील पुढे बसलेला असेल तर प्रधानाच्या अंगात पाटील येई.

या सगळ्याचा कणा म्हणजे सोंगाड्या. सरदार गंभीरपणे बोलतो आणि सोंगाड्या त्याचा शब्द उचलून त्याचा अर्थ पाडतो. सरदार दटावतो, “काय रे, राजाचा हुकूम ऐकला नाहीस?” सोंगाड्या म्हणतो, “ऐकला की! पर सरकार, हुकमाची पानं समदी तुमच्याच हातात. मग आमी खेळायचं कशानं?” हा नमुना आमचा आहे, पण धाटणी बतावणीची. इम्प्रोव्हच्या वर्गात शिकवतात की समोरच्याचे म्हणणे स्वीकारा. सोंगाड्या त्याहून अवघड काम करतो, तो शब्द स्वीकारतो आणि अर्थ नाकारतो. वाकून मुजरा करतो आणि त्याच वाकण्यात राजाची टोपी उडवतो. दुबळ्या माणसाला सत्तेपुढे जेवढे बोलता येते तेवढे सगळे या एका युक्तीत आहे.

ही विद्या कुठे शिकत? वर्ग नव्हता, फी नव्हती, प्रमाणपत्र नव्हते. पोरगा फडात येई तो सामान उचलायला. मग झांज धरी, तुणतुणे धरी, झीलकऱ्यांच्या मागे उभा राहून 'जी जी' म्हणे. या 'जी जी'ला आम्ही हलके समजत नाही. पुढचा काय बोलतो ते कान देऊन ऐकणे आणि त्याला होकार भरणे, हाच त्या पोराचा पहिला धडा असे. शिकागोतल्या 'होय, आणि'मधले 'होय' आमच्याकडे असे चालीत बसवलेले होते. सोंगाड्याची टोपी डोक्यावर येईतो पोराच्या कानांवर शेकडो रात्री पडलेल्या असत.

आता त्या गावाकडे वळू. तळेगाव दाभाड्याहून चाकणकडे निघाले की इंद्रायणीच्या काठी इंदोरी लागते. सरसेनापती दाभाडे यांच्या गढीचे गाव. (कीर्तनकार इंदुरीकर महाराजांची इंदोरी ती अकोले तालुक्यातली; दोन्हींची गल्लत होते.) या मावळातल्या इंदोरीचे गजानन सरोदे, म्हणजेच दादू इंदुरीकर, १९२८ साली जन्मले आणि १९८० साली गेले. हरिभाऊ वडगावकरांच्या 'गाढवाचं लग्न' या वगनाट्यातला त्यांचा सावळ्या कुंभार ज्यांनी पाहिला ते म्हातारे आजही त्याचे नाव काढताच हसू लागतात. १९७३ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुढे इतर नटांनी हे वगनाट्य गाजवले, २००७ साली त्यावर चित्रपटही आला. पण दादूंचा सावळ्या काल होता तसा आज नसे, हे त्यांच्या प्रेक्षकांचे सांगणे आहे. कथा तीच, गाढव तेच, गंगी तीच. सावळ्याचे बोलणे मात्र त्या रात्रीचे.

मग हे सारे आटले कशाने? सिनेमाने आणि दूरदर्शनने, असे उत्तर तयार असते. ते अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे कागदात आहे. १९४८ च्या सुमारास बाळासाहेब खेरांच्या सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून मुंबई इलाख्यात तमाशावर बंदी घातली. कलावंतांनी दाद मागितली. महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि बंदी उठली ती अट घालून. वग आधी लिहून द्या, तो तपासला जाईल, मंजूर झालेलेच बोला. पुढे मुंबई पोलीस कायद्याच्या आधाराने परवान्याचे नियम आले आणि प्रयोगांचे परिनिरीक्षण करणारे मंडळ आले. तमाशातला ओंगळपणा आम्ही नाकारत नाही. बाईच्या देहावर चालणारा विनोद तेव्हाही होता, आताही आहे. परंतु ज्या कलेचा प्राणच न लिहिण्यात, तिला 'आधी लिहून आण' असे सांगणे ही सुधारणा नव्हती. ज्यांना लिहिता येत नव्हते अशा कलावंतांना ती अट किती जड गेली असेल, याचा हिशेब समितीच्या सभ्य गृहस्थांनी फारसा केलेला दिसत नाही.

कागदाला वळसा घालणारेही निघाले. अण्णा भाऊ साठे, द. ना. गवाणकर आणि आमचे अमर शेख यांच्या लाल बावटा कलापथकाने तमाशाचे रूप घेतले आणि त्यात गिरणी कामगाराचे दुःख भरले. अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. १९१६ ते १९६९ या आयुष्यात आधी लाल बावट्यातून आणि मग संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांनी लाखोंच्या सभा हलवल्या. त्यांची छापील कविता आम्ही आदराने वाचतो. पण मैदानावरच्या लाखभर माणसांची नाडी पाहून पुढची ओळ कुठली घ्यायची, हे त्यांना ज्या क्षणी सुचे तो क्षण कोणत्याही संग्रहात नाही. १९६५ साली वसंत सबनिसांचे 'विच्छा माझी पुरी करा' रंगभूमीवर आले. त्यात दादा कोंडक्यांनी संहितेच्या फटींतून त्या त्या दिवसाचे राजकारण असे घुसवले की लोक तोच प्रयोग पुन्हा पाहायला जात, कारण तो तोच नसे. म्हणजे मध्यमवर्गाच्या नाट्यगृहात या विद्येला टाळ्या मिळाल्या. फडावरच्या तमासगिराला मात्र परवाना दाखवावा लागला.

योगायोग असा की याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला ही विद्या वर्गात शिरली. शिकागो हे कारखान्यांचे शहर. खाटीकखाने, पोलाद, रेल्वे, आणि देशोदेशींहून पोटासाठी आलेली माणसे. तिथल्या 'हल हाऊस' या वस्तीकेंद्रात नेव्हा बॉइड मुलांच्या खेळांतून समाजकार्य शिकवत. त्यांची विद्यार्थिनी व्हायोला स्पोलिन, रशियाहून आलेल्या ज्यू कुटुंबातली. १९३९ ते १९४१ या काळात, मंदीच्या दिवसांतल्या सरकारी योजनेत, तिने स्थलांतरितांच्या मुलांना नाटक शिकवले. मुलांची भाषा एक नव्हती. संहिता वाचता येईलच असे नव्हते. म्हणून तिने खेळ शोधले, आरशाचा खेळ, अर्थहीन भाषेचा खेळ. म्हणजे चाकणची मुले आज जे खेळ शिकतात, ते मुळात परक्या गावात आलेल्या, भाषा अडखळणाऱ्या कामगारांच्या पोरांसाठी होते! स्पोलिनचे पुस्तक १९६३ साली निघाले. तिचा मुलगा पॉल सिल्स आणि डेव्हिड शेफर्ड यांनी १९५५ मध्ये शिकागोत मंडळी काढली. शेफर्डला ते कामगारांचे नाट्य हवे होते आणि वगासारखाच फक्त कथेचा सांगाडा ठरवून खेळ करायचा होता. १९५९ साली सिल्सने इतरांसह 'सेकंड सिटी' सुरू केली आणि तिथून इम्प्रोव्ह जगभर गेले. कामगार मात्र मागे राहिला. प्रेक्षक झाला तो विद्यापीठाच्या आसपासचा सुशिक्षित वर्ग. आमच्याकडेही तेच चालले आहे, हे सांगायला नको.

खरे तर पिंपरी-चिंचवडची घडण शिकागोच्या जवळची. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठीत औद्योगिक वसाहत आणि मोटारींचे कारखाने आले, १९७० साली नगरपालिका झाली आणि १९८२ साली महानगरपालिका. मराठवाड्यातून, खानदेशातून, कोकणातून आणि पुढे उत्तर प्रदेश-बिहारातून माणसे आली. त्यांत आमचीही खूप. कामगारांचे नाटक इथे झालेच नाही असे नाही. कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धांनी पाळी सांभाळून नाटक करणारे कितीतरी नट घडवले. पण ते नाटक लिहिलेले आणि परीक्षकांसमोरचे. २०२४ च्या जानेवारीत शंभरावे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन याच शहरात भरले. या भूमीतल्या सोंगाड्याची विद्या कुठे शिकवली जाईल, हा प्रश्न तरीही शिल्लक आहे.

चाकणहून नाशिक रस्त्याने पुढे गेले की नारायणगाव, भाऊ-बापू आणि विठाबाईंचे गाव. चैत्रातल्या जत्रांच्या सुपाऱ्या घेण्यासाठी फडांच्या राहुट्या तिथे पडतात. गावोगावचे पंच येऊन तारखा ठरवतात. या फडांना वग आणि गाणी पुरवणाऱ्यांत शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईचे बशीर मोमीन कवठेकर हे मोठे नाव. १९४७ साली जन्मलेल्या या लोकशाहिराने आयुष्यभर फडांसाठी लिहिले. राज्य शासनाने विठाबाई नारायणगावकरांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार त्यांना दिला. २०२१ साली ते गेले. आमच्या साहित्य संमेलनांच्या मांडवांत कथा-कवितेवर पुष्कळ बोलले जाते, पण एक मोमीन अर्धे शतक तमाशाचा लेखक होता, याची चर्चा आम्हाला फारशी ऐकू आली नाही. तमाशा म्हटले की आपण अजूनही पाय आखडतो.

पाय आखडण्याची कारणे आहेत. लोकांना हसवण्यासाठी खोटे बोलू नये, ही ताकीद आमच्या घरांत लहानपणापासून मिळते. नक्कल करणे म्हणजे कोणाची तरी टवाळी, ही भीतीही खोटी नाही. मुलगी अशा वर्गाला जाते म्हटले की प्रश्न वाढतात. पण हदीसच्या परंपरेत थट्टेला मज्जाव नाही, खोट्याला आणि दुखावण्याला आहे. आणि मुलींचे म्हणाल तर, भारतात या प्रकाराची ओळख वाढवणाऱ्यांत दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या, भारतीय वंशाच्या कनीझ सुरका यांचे नाव पुढे आहे. २०१८ मधल्या 'कॉमिकस्तान' या मालिकेत नवोदितांना इम्प्रोव्ह शिकवण्याची जबाबदारी त्यांच्याकडे होती.

घरातल्या ताकिदीपेक्षा आम्हाला दुसरी भीती मोठी वाटते. १ जानेवारी २०२१ रोजी इंदूर शहरात मुनव्वर फारुकी या तरुण विनोदकाराला कार्यक्रमाच्या जागेवरून पकडले गेले. आक्षेपार्ह म्हणून सांगितलेला विनोद त्याने त्या कार्यक्रमात केलाच नव्हता, असे त्याच्या बाजूने मांडण्यात आले. उच्च न्यायालयाने जामीन नाकारला. ५ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने तो दिला, तोवर महिना उलटून गेला होता. फारुकीचा प्रकार इम्प्रोव्हचा नाही, तो एकट्याने उभे राहून लिहिलेले विनोद सांगतो. पण ज्या काळात लिहिलेलेही वाचवत नाही आणि न बोललेलेही भोवते, त्या काळात आमच्या पोराला 'डोक्यात येईल ते बोल' असे सांगणारा वर्ग किती वेगळा ठरतो! शेजारचा मुलगा चुकला तर तो फसलेला विनोद असतो. आमचा चुकला तर ते काय ठरेल, हे बोलण्याआधी त्याला मोजावे लागते. आणि मोजून बोलले की इम्प्रोव्ह संपते. वर्गाला जाणाऱ्या आमच्या मुलांनी हे आम्हाला स्वतःहून सांगितले. प्रेक्षकांतून धर्माचा किंवा राजकारणाचा शब्द आला की आपण एक पाऊल मागे सरकतो आणि दुसऱ्याला पुढे जाऊ देतो, असे त्यातला एक म्हणाला. त्याच्या सोबत्यांच्या ते लक्षातही आलेले नव्हते.

१८७६ चा, इंग्रजांनी नाटकांच्या मुसक्या आवळण्यासाठी केलेला कायदा आता संसदेने रद्द केला आहे. महाराष्ट्रात संहिता आधी तपासून घेण्याच्या नियमांना अमोल पालेकरांनी २०१६ साली उच्च न्यायालयात आव्हान दिले. इम्प्रोव्हची संहिता तपासायची तर ती आणायची कुठून, हा प्रश्न कोणत्याही मंडळापुढे सोंगाड्याने ठेवावा असाच आहे. सोंगाड्याही निर्भय नव्हता. पाटलाच्या गावात, पाटलाच्या सुपारीवर, पाटलाच्या अन्नावर तो पाटलाची टोपी उडवायचा, आणि पाटलालाही हसावे लागेल अशा बेताने उडवायचा. कुठल्या शब्दाच्या आड उभे राहायचे, कधी वेड पांघरायचे, कधी आपलीच फजिती आधी करून घ्यायची, याची त्याच्याकडे पिढ्यान् पिढ्यांची शिदोरी होती. शिकागोच्या पुस्तकात ही शिदोरी नाही. स्पोलिनच्या खेळांना तिची गरज पडली नसावी. नारायणगावच्या राहुट्यांत ती अजून थोडीफार शिल्लक आहे, आणि हिंजवडीहून नारायणगाव काही फार लांब नाही. त्या मागे सरकणाऱ्या मुलाला येत्या चैत्रात आम्ही तिकडे घेऊन जाणार आहोत. त्याने बरोबर वही आणू का, असे विचारले. वही नको म्हटले.